अंगठे पन्नास, खाली आले चौघे: वसाहतीच्या ग्रुपचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरूळमध्ये सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींची वसाहत. सगळ्या इमारतींचा मिळून एक व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात अडीचशेच्या वर माणसं. सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी राजकारण, रात्री पुनर्विकासावरून खडाजंगी. प्रश्न विचारणाऱ्या ताई कमिटीवर आहेत. त्यांनी रविवारी सकाळी मैदान साफ करायला या म्हणून ग्रुपवर हाक दिली, त्यावर पन्नास अंगठे आले आणि प्रत्यक्षात खाली उतरले चौघे. आता त्या विचारतात, फेसबुकवर जावं, टेलिग्रामवर जावं, की ग्रुप बंदच करून टाकावा?

मी ठाण्यात राहते. सोसायट्या, चाळ कमिट्या, बचत गट, गणेश मंडळं यांच्याबरोबर वस्तीपातळीवरचं काम बरीच वर्षं करते आहे आणि हल्ली त्यातला निम्मा वेळ ग्रुपच्या भानगडी निस्तरण्यात जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमची अडचण अॅपची नाही. हीच माणसं टेलिग्रामवर नेलीत तर तिथे जाऊन हेच करतील, आणि निम्मी तर जाणारच नाहीत. अडचण अशी आहे की एकमेकांना धड न ओळखणाऱ्या अडीचशे जणांकडून तुम्ही एकाच जागी तीन कामं करून घेता आहात. त्यांनी सूचना वाचायच्या, गप्पाही मारायच्या आणि वर निर्णयही घ्यायचे. एकाच पिशवीत भाजी, औषधं आणि लाइट बिल कोंबलं की हवी ती वस्तू हवी तेव्हा सापडत नाही, तसं झालंय.

आणि ते पन्नास अंगठे. अंगठा म्हणजे "वाचलं, चांगलं करताय, करा." त्यात "मी येतो" कुठेच नसतं. "सर्वांनी यावे" अशी हाक दिली की त्या "सर्वां"मध्ये स्वतःला कोणीच धरत नाही. यात लोक वाईट आहेत असं काही नाही. मलाही अशा हाका येतात आणि मीही कितीतरी वेळा अंगठा टाकून मोकळी होते. तुमच्याकडे चौघे आले हे माझ्या मते उत्तम झालं. त्या चौघांना नंतर चहा पाजलात का? पुढच्या कामाचं त्यांना विचारलंत का? वसाहतीचं कोणतंही काम चार-सहा माणसांच्या जिवावरच उभं राहतं. ग्रुपचा उपयोग त्या चारांचे दहा करण्यासाठी आहे. अडीचशेच्या अडीचशेंना हलवणं ग्रुपला कधीच जमत नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, नाहीतर हे वाचून कोणीतरी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये जसंच्या तसं करायला जाईल. टॉवरमध्ये मॅनेजर असतो, मायगेटसारखं अॅप असतं, पाण्याची सूचना त्यावर येते. तिथली अडचण वेगळी: समोरच्या दारात कोण राहतं ते माहीत नसतं. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये उलटं, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. तिथे ग्रुप नसला तरी बिघडत नाही. सिडकोच्या बैठ्या आणि तीन-चार मजली इमारतींचं दोन्हींच्या मधलं आहे. तीस-तीस वर्षं राहिलेली जुनी मंडळी जिन्यावर भेटतात, चेहरे ओळखतात. पण मधल्या काळात मुलं बाहेर गेली, घरं भाड्याने दिली, आणि अकरा महिन्यांच्या करारावर येणारा भाडेकरू कोणाच्याच हिशेबात नाही. त्यात नेरूळला शेजारी मल्याळी, तमिळ, पंजाबी, आगरी, घाटावरचे, सगळे. त्यामुळे तुमच्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. ठाण्यातल्या जुन्या पेठांमध्ये तो तितका जाणवत नाही.

घरांच्या संख्येचाही फरक पडतो. तीस-चाळीस घरांपर्यंत एकच ग्रुप चालतो, कारण तिथे कोणी वेडंवाकडं लिहिलं तर संध्याकाळी जिन्यात गाठ पडणार असते. ती गाठ पडण्याची शक्यता संपली की माणूस बेधडक लिहायला लागतो. तुम्ही ती रेषा केव्हाच ओलांडली आहे.

तर पहिलं काम, वाटणी. एक ग्रुप फक्त सूचनांचा, ज्यात अॅडमिनलाच लिहिता येईल. ही सोय व्हॉट्सअॅपमध्ये २०१८ पासून आहे, तरी कित्येक कमिट्या वापरत नाहीत, कारण "लोकांचं तोंड बंद केलं असं वाटेल" अशी भीती. म्हणून तोंड उघडायला दुसरी जागा द्यायची. सध्याचा ग्रुप तसाच ठेवा, त्याचं नाव बदलून कट्टा करा आणि फुलं, वाढदिवस, क्रिकेट, राजकारण सगळं तिथे चालू द्या. इमारतवार छोटे ग्रुप बहुधा आधीच असतील, त्यांना हात लावू नका. २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सअॅपने कम्युनिटीची सोय आणली. तिच्याखाली हे सगळे ग्रुप एकत्र बांधता येतात आणि सूचना एकदा लिहिली की सगळीकडे पोचते. ज्यांना हे किचकट वाटेल त्यांनी साधे दोन ग्रुप केले तरी पुरे.

वाटणी का, याचं कारण नीट लक्षात घ्या, कारण लोक तुम्हाला विचारणार. सुप्रभातचा त्रास फुलांचा नाही. दिवसाला साठ मेसेज आले की माणूस ग्रुप म्यूट करतो, आणि म्यूट केलेल्या ग्रुपवर मोरबे धरणाच्या जलवाहिनीचं काम निघालंय, दोन दिवस पाणी भरून ठेवा, ही सूचनाही त्याला दिसत नाही. मग तो तुमच्याशी भांडतो की आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सूचनांच्या ग्रुपवर आठवड्याला तीन-चारच मेसेज यावेत. वाजला की माणसाने उघडून बघावा, एवढी त्याची पत राहिली पाहिजे. तिथे पालिकेच्या साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही नकोत आणि तुमच्या स्वतःच्या कार्यक्रमाचे पंचवीस फोटोही नकोत.

सूचना लिहिण्याची एक शिस्त असते. "उद्या पाणी येणार नाही" हा मेसेज लोक उद्याच वाचतात आणि परवा कोरडी बादली घेऊन बसतात. वार आणि तारीख दोन्ही लिहा. कोणत्या इमारती, किती वाजल्यापासून, शंका असेल तर फोन कोणाला. सरकारी पत्राचा नुसता फोटो टाकू नका. त्यातलं दोन ओळींत टाइप करा, कारण फोटोतलं अक्षर म्हाताऱ्यांना दिसत नाही आणि नंतर शोधूनही सापडत नाही. मराठीखाली तेच दोन ओळी हिंदीत. आणि हेच सगळं जिन्यातल्या फळ्यावरही. हो, फळा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते आजोबा, दिवसभर कामावर असलेल्या आणि फोन घरी ठेवून जाणाऱ्या बायका, नुकताच आलेला भाडेकरू, हे सगळे फळ्यावर भेटतात. मला कोणी सांगितलं की आमची वसाहत आता पूर्ण डिजिटल झाली, तर मी आधी त्यांचा जिना बघून येते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या ग्रुपवर घरटी एकच नंबर असेल आणि तो बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाचा असेल. एकदा यादी काढून बघा. माझ्या अनुभवात वसाहतीतलं खरं दळणवळण बायकांकडे असतं: कोणाकडे आजारपण आहे, कोणाच्या घरी मुलं एकटी असतात, पाणी कधी येतं, कोणता कचरेवाला दांडी मारतो. ती माहिती असणारी माणसं ग्रुपवर नाहीत आणि पुनर्विकासावर तावातावाने लिहिणारे आहेत, हे कित्येक ग्रुपचं चित्र आहे. घरटी दोन नंबर घ्या. भाडेकरूलाही घ्या. मालकीच्या विषयांसाठी मालकांचा वेगळा ग्रुप असू दे, पण पाणी, कचरा, सण, आणीबाणी यांत भाडेकरू तितकाच रहिवासी आहे. ठाण्यात एका वसाहतीत नवीन भाडेकरू आला की त्याच मजल्यावरची एक बाई जाऊन कचऱ्याची वेळ, पाण्याची वेळ आणि प्लंबरचा नंबर सांगून येते आणि मगच त्याला ग्रुपमध्ये घेतात. पाच मिनिटांचं काम आहे. पण नंतर ग्रुपवर त्याचं नाव दिसलं तर किमान एका माणसाला तरी तो कोण हे माहीत असतं.

ग्रुपवर नवी ओळख होत नाही, असलेली टिकते. ओळख व्हायला दोन माणसांनी मिळून काहीतरी केलेलं लागतं, मग ते सतरंजी घालणं असो नाहीतर पाण्याचा टँकर थांबवून धरणं असो. म्हणून मैदान सफाईच्या हाकेकडे परत येऊ.

मी अशी हाक ग्रुपवर टाकतच नाही, निदान आधी नाही. आधी सात-आठ माणसांना वेगवेगळा फोन. प्रत्येकाला वेगळं आणि छोटं काम, त्याच्याजवळ आधीच असलेल्या गोष्टीला धरून. ठाण्यातलंच उदाहरण देते. पावसाळ्याआधी एका गल्लीत गटार तुंबलेलं, दरवर्षी तळमजल्यावर पाणी. ग्रुपवर दरवर्षी संताप. आम्ही काय केलं, पहिल्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, तुमच्या गॅलरीतून गटाराचं तोंड दिसतं, पाऊस लागला की फक्त एक फोटो काढून पाठवत जा. तळमजल्यावरच्या वहिनींना सांगितलं, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं की वेळ लिहून ठेवा. कॉलेजातल्या एका मुलाला म्हटलं, हे सगळं एका कागदावर उतरवून दे. एकाला प्रभाग समितीच्या कार्यालयात पत्र द्यायला पाठवलं, कारण त्याचं ऑफिस त्याच वाटेवर. यातलं एकही काम दहा मिनिटांपेक्षा मोठं नाही. नालेसफाईची गाडी आली तेव्हा ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली या सगळ्यांची नावं, कोणी काय केलं ते. मग ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यातले तिघे आपणहून विचारायला आले की पुढचं काय आहे. ग्रुपचं खरं काम हे: झालेलं दाखवणं, करणाऱ्याचं नाव घेणं. कामाला बोलावणं फोनवर आणि दारात.

गाऱ्हाण्यांचंही असंच. रस्त्यावरचा दिवा बंद आहे असं पाचजण ग्रुपवर लिहितात, पंधराजण "हो ना" म्हणतात, आणि तक्रार कोणीच केलेली नसते. आमच्याकडे साधा रिवाज पाडला आहे: जो पहिल्यांदा लिहील त्यानेच पालिकेकडे तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक ग्रुपवर टाकायचा. जमत नसेल तर शेजाऱ्याला सांगायचं. क्रमांक एकदा आला की बाकीच्यांनी तोच धरून विभाग कार्यालयात विचारायचं, नव्या तक्रारी करायच्या नाहीत. यामुळे गाऱ्हाणी अर्ध्यावर आली, आणि उरलेली निम्मी सुटली तरी लोकांना वाटायला लागलं की ग्रुपवर लिहिल्याने काहीतरी होतं. एक्सवर महापालिकेला टॅग करणं हे पुढचं पाऊल. तेही क्रमांक, तारीख आणि फोटो असेल तर. नुसत्या शिव्या घातल्या तर अधिकारी वाचून पुढे जातो.

इथवरचं सोपं होतं. पुनर्विकास अवघड.

नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या इमारतींमध्ये हा विषय निघाला की भावाभावांत वाद होतात, ग्रुपचं काय घेऊन बसलात. त्यात कोणाची आयुष्यभराची पुंजी असते, कोणाला वरच्या मजल्याची भीती, कोणाला बिल्डरची. असा विषय लिहून सुटत नाही, कारण लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि दोनशे लोक बघतायत हे मात्र दिसतं. मग माणूस माघार घेत नाही. माझा सल्ला, या विषयावर चर्चेला ग्रुपवर बंदी घाला आणि माहिती मात्र भरपूर द्या. सभेची सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त, सल्लागाराचा अहवाल, सगळं एका गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून त्याची लिंक वरती पिन करा. लपवाछपवी आहे असं वाटलं की अफवा सुटतात. कागद समोर असले की त्यातल्या निम्म्या तिथेच विरतात.

आणि हे लोकांना स्पष्ट सांगा की व्हॉट्सअॅपवरचा पोल म्हणजे ठराव नव्हे. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि ती रीतसर सभेतून. वार्षिक सभेचीसुद्धा सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते. रात्री अकरा वाजता टाकलेल्या पोलवर सकाळपर्यंत नव्वद मतं पडली, त्यांचा उपयोग एवढाच की सभेला कोणते प्रश्न येणार ते कळतं. तेवढ्यापुरता पोल जरूर घ्या. सणाची तारीख, भोंडला शुक्रवारी की शनिवारी, कोजागरीला दूध की भेळही, यासाठी तर पोल फारच छान.

तरी भांडण होणारच. तेव्हा नियम. नियम अॅडमिनने लिहून चिकटवू नयेत, दहा-बारा जणांना समोरासमोर बसवून त्यांच्याकडून काढावेत आणि पाच ओळींच्या वर जाऊ देऊ नयेत. आमच्याकडचा सगळ्यात उपयोगी नियम: एका वादात एका माणसाने दोनदाच लिहायचं, तिसऱ्यांदा लिहावंसं वाटलं तर फोन उचलायचा. मोडला तर? लगेच काढून टाकायचं नाही. आधी अॅडमिनचा खासगी फोन, तोही "काका, जरा जास्त झालं का?" अशा सुरात. पुन्हा झालं तर मेसेज पुसायचा. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय अॅडमिनला २०२२ पासून आहे. तिसऱ्यांदा आठवडाभर बाहेर, आणि तारीख सांगून परत आत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी मच्छीमार, पाटपाणी वाटून घेणारे शेतकरी, सामायिक कुरणं असं काय काय अभ्यासलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना एक गोष्ट सारखी दिसली, पहिल्या चुकीला शिक्षा अगदी सौम्य असते आणि ती पायरीपायरीने वाढते. आपल्या जुन्या गावकीला हे ठाऊक होतं. ग्रुपचा अॅडमिन मात्र एकदम हद्दपार करतो आणि मग त्या माणसाचा दुसरा ग्रुप निघतो, "खरे रहिवासी" नावाचा.

अॅडमिनच्या डोक्यावरची एक भीती मात्र काढून टाकते. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अॅडमिन आहे या कारणाने त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, संगनमत दिसायला हवं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. याचा अर्थ डोळे मिटून बसावं असा नाही. पण भीतीपोटी चांगली माणसं अॅडमिन व्हायला तयार होत नाहीत, त्यांना हे सांगा.

अफवांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या समजातून पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं, आणि २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच. पण शेजाऱ्यांच्या ग्रुपवर हे बंधन फारसं कामाला येत नाही, कारण तिथे एका माणसाने एकदा टाकलं तरी अडीचशे घरांत पोचतं, आणि "आपल्याच सेक्टरमधल्या जोशी वहिनींनी टाकलंय" म्हणून ते खरं वाटतं. मुलं पळवणारे, पाण्यात विष, चेहरा झाकलेल्या बायका, हे मेसेज दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव लावून परत येतात.

म्हणून एक नियम तडजोडीविना: अनोळखी माणसाचा फोटो "संशयित" म्हणून ग्रुपवर टाकायचा नाही. शंका आली तर ११२ ला फोन. तुमच्याकडे सीसीटीव्हीचं चित्र असेल तर ते पोलिसांना. अशा फोटोंमधला माणूस बघा कोण असतो: भंगारवाला, घरकाम करणाऱ्या बाईचा भाऊ, पार्सल घेऊन आलेला मुलगा, चुकीच्या इमारतीत शिरलेला. सोसायटीचा सेक्रेटरी चुकीच्या विंगमध्ये गेला तर त्याचा फोटो कोणी काढत नाही. कामवाल्या बाईवर चोरीचा आळ घेणारे मेसेजही असेच. आळ खोटा निघतो तेव्हा तोवर त्या बाईची आणखी चार कामं सुटलेली असतात आणि तेव्हा ग्रुपवर माफीचा मेसेज कोणी टाकत नाही.

फसवणुकीचं थोडक्यात. ग्रुपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये नवं अॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडायची नाही, ओळखीच्याच नंबरवरून आली असली तरी. बहुधा त्याचाच फोन हॅक झालेला असतो. "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" हा मेसेज महावितरणचा नसतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिला तास फार मोलाचा असतो, म्हणून हा आकडा फळ्यावरही लिहून ठेवा. लहान मुलांचे स्पर्धेतले फोटो, नाव, शाळा, फ्लॅट नंबर असं सगळं एकत्र टाकणंही थांबवा.

फेसबुक, इन्स्टाग्रामचं विचारलंत. ते बाहेरच्या जगासाठी. वसाहतीच्या आतलं बोलणं तिथे नेऊ नका. पण वसाहतीबाहेरच्यांना काही दाखवायचं असेल, पालिकेला, पत्रकारांना, शेजारच्या सेक्टरला, तर तिथे तोड नाही. तुमच्या हाकेच्या अंतरावर डीपीएस शाळेजवळचा तलाव आहे. त्यात भरतीचं पाणी येईनासं झालं आणि रोहित पक्ष्यांचे हाल व्हायला लागले, तेव्हा नेरूळ-सीवूड्सच्या रहिवाशांनी फोटो आणि व्हिडिओ टाकत राहून तो विषय वर्तमानपत्रांपर्यंत आणि सरकारपर्यंत नेला. तिथेही नुसते फोटो टाकून भागलं नाही. लोक रस्त्यावर साखळी करून उभे राहिले, अर्ज केले, पाठपुरावा केला. एकमेकांना ओळखणारी माणसं आधीपासून होती म्हणून हे जमलं. तरुण मुलांना वसाहतीच्या कामात ओढायचं असेल तर इन्स्टाग्रामचं पान त्यांच्या हाती द्या आणि काय टाकायचं यात फार नाक खुपसू नका.

एक इशारा राजकारणाचा. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक होता. त्या काळात गटार-दिव्यासाठी लोकांना धरायला नगरसेवक नव्हता, तेव्हा कित्येक ठिकाणी रहिवाशांच्या ग्रुपनेच ती जागा भरली. ग्रुपला असं वजन आलं की तो कोणालातरी हवासा वाटतो. निवडणुकीआधी दोन महिने अचानक एखादा उत्साही कार्यकर्ता अॅडमिन व्हायला तयार होतो, मोफत टँकर, मोफत छत्र्या. मदत घ्या, सगळ्याच पक्षांची घ्या, आभारही ग्रुपवर माना. फक्त अॅडमिनपद पदाधिकाऱ्याला नको आणि सूचनांच्या ग्रुपवर प्रचार नको.

अॅडमिन तीन तरी असावेत: एक कमिटीवरचा, एक बाई, एक तिशीच्या आतला. एकटा अॅडमिन पुण्याला बदलून गेला आणि ग्रुप अधांतरी राहिला, असे प्रकार मी भरपूर पाहिले. दरवर्षी सभेनंतर एकाने खाली उतरावं आणि नवीन एक यावा, म्हणजे कोणाची जहागीर होत नाही.

तुम्ही कुठून सुरुवात करावी? मी असते तर येत्या आठवड्यात ग्रुपवर काहीच बदललं नसतं. त्या चौघांना घरी बोलावून त्यांच्याकडून सात-आठ नावं काढली असती, मजल्यामजल्यावरची, त्यात दोन भाडेकरू आणि निम्म्या बायका. त्यांच्यासमोर ही वाटणी मांडली असती, म्हणजे पुढे ती "कमिटीचा फतवा" ठरत नाही. मग सूचनांचा ग्रुप, घरटी दोन नंबर. आणि लगेच एक छोटं काम ठरवलं असतं, महिन्याभरात डोळ्यांनी दिसेल असं. मैदानच घ्या, पण अख्खं नको. एक कोपरा, एक रविवार, दहा जणांना नाव घेऊन फोन, आणि साडेनऊला चहा. ग्रुपवर त्याचा पहिला मेसेज काम झाल्यावर, फोटो आणि नावांसकट.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून कळायला हवी. तुमच्या इमारतींची नोंदणी सहकारी संस्था म्हणून आहे की अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन म्हणून? सिडकोच्या वसाहतींत दोन्ही प्रकार आहेत, कधीकधी शेजारी शेजारी. असोसिएशन असेल तर वर सांगितलेलं ७९-अ तुम्हाला तसंच्या तसं लागू होत नाही, तिथे अपार्टमेंट मालकीचा १९७० चा वेगळा कायदा आहे आणि तुमच्या इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, काय म्हणतं ते बघावं लागेल. ग्रुपवर हमरीतुमरीवर आलेल्यांपैकी किती जणांनी ते घोषणापत्र वाचलंय तेही एकदा विचारून बघा. प्रत नसेल तर आधी तिची प्रत मिळवा आणि फोल्डरमध्ये पहिली तीच ठेवा.